स्टोरेज ड्रायव्हरची अस्थिरता

संगणकाच्या कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) ज्या भागामार्फत डिस्कशी देवाणघेवाण होते, तो स्टोरेज ड्रायव्हर. डिस्क मध्येच नाहीशी होणे, संगणक अर्धा मिनिट थिजणे, फाइल सिस्टिम अचानक ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येणारी) होणे ही त्याच्या अस्थिरतेची लक्षणे. लातूर-नांदेडच्या दुरुस्तीच्या दुकानांत या सगळ्याला ‘हार्ड डिस्क गेली’ असे एकच नाव मिळते. निदानाला ते पुरत नाही.

अर्धा मिनिट हा योगायोग नव्हे. लिनक्सच्या स्कझी थरात, म्हणजे डिस्कला आज्ञा पोचवणाऱ्या भागात, एका आज्ञेला उत्तरासाठी मूळ मुदत ३० सेकंदांची असते. साटा जोडणीच्या डिस्क सांभाळणारा लिबएटीए हा ड्रायव्हर याच थराखाली चालतो. मुदत संपली की तो पोर्ट गोठवतो, लिंक रीसेट करतो, आज्ञा पुन्हा पाठवतो. तरी जमले नाही तर वेग सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३ व पुढे १.५ वर उतरवतो. म्हणजे लॉगमधील ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ ही ओळ बहुधा उपचाराची असते, रोगाची नव्हे. घरगुती डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरील साठवणीचा छोटा तुकडा) वाचण्यासाठी ३० सेकंदांहून अधिक काळ झटू शकते. रेडसाठीच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्यासाठीच्या, डिस्क बहुधा सुमारे ७ सेकंदांत हार मानतात.

दोष ड्रायव्हरचा की डिस्कच्या फर्मवेअरचा (डिस्कमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरचा), यावर मतभेद आहेत. लिबएटीएमध्ये ठरावीक मॉडेलांच्या खोडी नोंदवणारी लांबलचक यादी आहे, यावरून फर्मवेअरकडे बोट दाखवले जाते. मात्र २०१५ मध्ये सॅमसंगच्या एसएसडींवर माहिती बिघडण्याचा ठपका आला, तेव्हा चूक कर्नलच्या रेड भागातील ट्रिम विनंत्यांच्या (कोणती जागा रिकामी झाली हे एसएसडीला कळवणाऱ्या) हाताळणीत निघाली. त्याच कंपनीच्या काही मॉडेलांवर रांगेतील (इतर आज्ञांसोबत रांगेत पाठवलेले) ट्रिम आजही बंद ठेवले जाते, ते वेगळ्या कारणाने. तेव्हा प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासणे अधिक ग्राह्य वाटते.

मराठवाड्यात तपास विजेपासून सुरू करणे शहाणपणाचे. ग्रामीण फीडरवर कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते, लाइट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टर भार घेताना क्षणभर अडखळतो, आणि जुन्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीला) तेवढा क्षण तग धरवत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. बंद कॅबिनेटमधील एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीचा) एसएसडी तापून मंदावतो.

स्मार्टमधील, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदीतील, १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल दोषी. ५ व १९७ (खराब सेक्टरांची मोजणी) वाढत असतील तर डिस्कच, आणि आधी बॅकअप. हे निस्तरल्यावरच ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि हे उपाय करून पाहावेत: एनसीक्यू (अनेक आज्ञा एकदम रांगेत घेण्याची सोय) बंद करणे, एनव्हीएमईची आपोआप वीजबचत थांबवणे, यूएसबी पेटीसाठी यूएएस (यूएसबीवरून डिस्क चालवण्याची वेगवान पद्धत) टाळणे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर बरे कशाने झाले ते कळत नाही. जुन्या कर्नलवर तीच डिस्क बिनतक्रार चालत असेल तर गिट बायसेक्टने (दर चाचणीला संशयित बदल निम्मे करत जाणाऱ्या साधनाने) हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो. दोष अधूनमधून उमटणारा असेल तर मात्र प्रत्येक चाचणी दिवसभर चालवावी लागते.

विंडोजमध्ये असाच रीसेट इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) १२९ क्रमांकाने नोंदला जातो.