घुमटाआधी चौक

'इस्लामी शैलीतलं विद्यापीठ' म्हटलं की बहुतेक आराखड्यांत एकच चित्र दिसतं. आरसीसीचा सांगाडा, पुढे काचेची भिंत, काचेवर चिकटवलेल्या टोकदार कमानी आणि वर फायबरचा घुमट. हे लातूरला किंवा परभणीला बांधलं तर मे महिन्यात आत बसायला एसी लागेल, आणि वीज गेली की सगळे बाहेर कडुलिंबाखाली येतील. जुन्या बांधकामातलं घेण्यासारखं जे आहे, ते भिंतीच्या जाडीत, चौकाच्या मापात आणि पाण्याच्या वाटेत आहे.

नमुना पाहायला उझबेकिस्तानातल्या समरकंदला जायला नको. उदगीरच्या पलीकडे बीदरला महमूद गवानचा मदरसा उभा आहे. गवान मूळचा इराणातल्या गिलानचा, बहमनी राज्याचा वजीर. १४७२ साली त्याने ही तीन मजली निवासी पाठशाळा पुरी केली. मधे मोठा चौक, चारही बाजूंच्या मध्यावर उंच कमानीची खुली दालनं, त्यांच्या आजूबाजूला विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, शिवाय ग्रंथालय आणि मशीद. वर्ग, वसतिगृह, पुस्तकं सगळं एका आवारात. पुढे मुघलांच्या काळात, १६९६ मध्ये, इथे साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाबरोबर एक मिनार गेला. उरलेल्या मिनारावर रंगीत फरशांचे तुकडे अजून तग धरून आहेत.

हा आराखडा इराणी आहे, खुरासानातल्या मदरशांच्या घडणीचा. नुसता चौक म्हटला तर तो मराठवाड्याला परका नाही. आपले चौसोपी वाडे आणि गढ्या त्याच तत्त्वावर बांधलेल्या आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीवर जातो आणि पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. कोरड्या, निरभ्र रात्री छप्पर आणि फरशी आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून गार होतात. त्यांना लागलेली हवा थंड होते, जड होते, चौकात उतरते आणि सकाळी बराच वेळ तिथेच साचून राहते. भोवतालच्या खोल्या ही हवा दाराखिडक्यांतून ओढून घेतात.

इथे नक्कल करणाऱ्याची एक चूक होते, आणि ती अक्षांशाची आहे. समरकंद जवळजवळ ४० अंश उत्तरेला आहे. तिथे २१ जूनला भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, त्यामुळे १० मीटर उंच भिंत चौकात सुमारे ३ मीटर सावली टाकते. माणसांना चालायला तेवढी पट्टी पुरते. मराठवाडा साडेसतरा ते साडेवीस अंशांत पसरलेला. छत्रपती संभाजीनगरात २० मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो, आणि तीच भिंत शून्य सावली देते. नंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माथ्याच्या उत्तरेकडून जातो, म्हणजे 'उत्तरेची भिंत कायम सावलीत' हा पाठ्यपुस्तकी नियमही त्या दिवसांत मोडतो. आपला चौक म्हणून झाडाशिवाय चालणार नाही. स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या मोठ्या मशिदीच्या चौकात संत्र्याच्या रांगा आहेत. जालन्याची मोसंबी लावायला कुणाची हरकत नसावी, पण सावलीसाठी कडुलिंबच बरा.

दिशेचीही गंमत आहे. मक्का आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. त्यामुळे मशिदीची लांब बाजू पूर्व-पश्चिमेला तोंड करते, चौक पूर्वेला उघडतो आणि पश्चिमेची भिंत भरीव राहते. धर्माने ठरवलेली ही भिंत दुपारच्या तिरप्या उन्हालाही अडवते. वर्गखोल्यांच्या इमारतीच्या लांब बाजू मात्र उत्तर-दक्षिणेला तोंड करणाऱ्या हव्यात, पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, भांडार. मशिदीच्या नकाशावर वर्ग बसवले तर निम्म्या मुलांच्या डोळ्यांत चार वाजता ऊन येईल.

आता भिंत. ऊन बाहेरच्या पृष्ठभागावर पडलं की उष्णता लाटेसारखी आत सरकते, आणि आत जाताना दोन गोष्टी होतात: लाट उशिरा पोचते आणि विरते. दगडी भिंतीसाठी ढोबळ हिशोब असा, की दर १५ सेंटीमीटरला सुमारे पावणेचार तासांचा उशीर आणि तापमानाचा चढ-उतार जवळपास एक तृतीयांशावर. ४५ सेंटीमीटरच्या भिंतीत ही लाट सव्वाअकरा तासांनी पोचते आणि मूळ चढ-उताराच्या ५ टक्क्यांच्या आसपास उरते. बाहेर भिंत २० अंशांनी तापली-निवली, तर आतल्या बाजूला जेमतेम १ अंशाचा फरक. जुन्या माळवदाच्या घरात मे महिन्यात झोप का लागते, याचं उत्तर या आकड्यात आहे. जाड पांढऱ्या मातीचं छत हेच करतं.

आपल्या सध्याच्या बांधकामाला हाच हिशोब लावला तर चित्र करुण आहे. १२ ते १५ सेंटीमीटरच्या स्लॅबमधून दुपारची लाट तीन-चार तासांत खाली येते, म्हणून संध्याकाळी पाच वाजता पंखा वरून गरम हवा फेकतो. पश्चिमेची ९ इंची विटांची भिंत चार वाजता तापते आणि आत सात-आठ तासांनी, म्हणजे रात्री अकराला, उष्णता सोडते. वसतिगृहातल्या पोरांना हे भौतिकशास्त्र शिकवावं लागत नाही. गाद्या घेऊन ती गच्चीवर जातात.

यावरून एक गोष्ट निघते, जिच्याकडे शैलीच्या चर्चेत कुणी पाहत नाही. वर्ग दिवसा वापरले जातात, वसतिगृह रात्री. जाड भिंत वर्गाला आणि ग्रंथालयाला थेट उपयोगी. वसतिगृहात एक तर भिंत पुरेशी जाड हवी की लाट विरूनच जाईल, नाही तर हलकी आणि सावलीतली हवी, म्हणजे सूर्य मावळला की खोली लगेच निवेल. मधली जाडी सर्वांत वाईट, आणि आपण नेमकी तीच बांधतो. एकाच आवारात दोन प्रकारच्या भिंती असायला हव्यात.

जाड भिंतीची एक अट असते: रात्री तिला गार हवा मिळाली पाहिजे, नाही तर रोजची थोडी थोडी उष्णता साचत जाते. मदरशात माणसं राहत, दारं उघडत-लावत. विद्यापीठात साडेपाचला शिपाई कड्या लावून जातो आणि इमारत रात्रभर स्वतःच्याच उष्णतेत कोंडते. दगडात कोरलेल्या नक्षीदार जाळीचं खरं मोल इथे आहे. ती चोराला, माकडाला आणि बऱ्याच पावसाला अडवून रात्रभर उघडी राहणारी खिडकी आहे. वर्गाच्या माथ्याशी, छताजवळ जाळीची पट्टी दिली की शिपायावर अवलंबून राहावं लागत नाही. डासांसाठी मागे बारीक तारेची जाळी लावावी लागेल, त्याने वारा थोडा कमी होईल, तेवढं सोसायचं.

जाळीबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारी एक समजूत मात्र खोडून काढली पाहिजे. 'लहान छिद्रातून जाताना हवा दाबली जाते आणि एसीसारखी थंड होते' असं ठामपणे सांगितलं जातं. वाऱ्याचा वेग छिद्रात सेकंदाला ३ मीटर झाला असं धरलं, तरी त्याने तापमान अंशाच्या दोनशेव्या भागाएवढं उतरतं. कुठल्याच थर्मामीटरवर ते दिसणार नाही. जाळी थंड करत नाही, ती ऊन गाळते. छिद्र जेवढं रुंद तेवढाच दगड जाड असेल, तर ४५ अंशांपेक्षा उंचावरचं ऊन समोरून सरळ आत येऊ शकत नाही. संभाजीनगरात वर्षातला सर्वांत खालचा माध्यान्हीचा सूर्य, २१ डिसेंबरचा, सुमारे ४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर अशी जाळी बाराही महिने भर दुपारचं ऊन अडवते, आणि हिवाळ्यात सकाळी थोडी तिरीप येऊ देते. कागदाएवढ्या पातळ पत्र्यावर लेझरने कापलेली नक्षी दिसायला तशीच असते, पण तिच्यात जाडी नसल्याने ती यातलं फारसं काही करत नाही.

घुमटाविषयी मला तेवढा उत्साह नाही. डोक्यावरच्या उन्हात घुमट आणि सपाट छत सारखीच उष्णता घेतात, कारण दोघांची खाली पडणारी सावली सारखी. अर्धगोल घुमटावर ती दुप्पट क्षेत्रावर पसरते इतकंच. गरम हवा वर जायला जागा मिळते, तेवढा फायदा. व्याख्यानाच्या सभागृहाला तर तो नकोच. गोल पृष्ठभाग आवाज एकवटतो आणि परत फेकतो. विजापूरच्या गोलघुमटात पर्यटक याच करमणुकीसाठी जातात, पण प्राध्यापकाचं एक वाक्य सात-आठ वेळा ऐकून कुणाला काय कळणार? प्रवेशद्वारावर हौसेने एखादा असावा. त्यापेक्षा बीबी का मकबऱ्यातून घ्यायचा तो चुना. अताउल्लाने, म्हणजे ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीच्या मुलाने, तिथे संगमरवर मोजक्या जागी वापरला आणि बाकी चुन्याच्या गिलाव्यावर भागवलं. ताजा चुना पडलेल्या उन्हाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग परत पाठवतो. स्लॅबवर दर फाल्गुनात चुन्याचा हात फिरवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि धुळीने तो मळतो म्हणून दरवर्षीच करावा लागतो.

पाणी हा सगळ्यात नाजूक भाग. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कारंजी मागणारा आराखडा घेऊन जाणाऱ्याला लोक उभं करणार नाहीत. पण शास्त्र समजून घेऊ. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख जूल उष्णता हवेतून काढली जाते. एका मध्यम वर्गखोलीतली हवा त्याने तत्त्वतः सात-आठ अंशांनी उतरेल. मे महिन्यात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या वाळ्याच्या पडद्यातून आलेली हवा २३ अंशांपर्यंत खाली जाऊ शकते. तीच युक्ती ऑगस्टमध्ये, हवा ९० टक्के ओली असताना, दीड अंशही देत नाही. उघड्या हौदाचा हिशोब उलटा पडतो: १०० चौरस मीटरच्या हौदातून भर उन्हाळ्यात रोज हजारेक लिटर पाणी उडून जातं, आणि गारवा मोकळ्या आकाशाखाली वाया जातो.

संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या बांधणाऱ्यांना हे कळलं होतं असं दिसतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून, कुठलाही पंप न लावता, केवळ उताराच्या जोरावर येतं, उंचावरून पडून पीठ दळायचं जातं फिरवतं आणि हौदात साठतं. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. त्याआधी १७ व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी शहराला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी ही पाण्याची वाहिनी दिली होती, तीही जमिनीखालून. जमिनीखाली बाष्पीभवन नाही आणि तीन मीटर खोलीवर उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही एक तृतीयांशावर येतो. नव्या आवारात चौकाखाली टाकी हवी. १ हेक्टर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० लाख लिटर. गळती-बाष्प वजा जाता ५५ लाख तरी हाती लागेल.

वरचा वारा पकडून खाली खोलीत उतरवणारे वाऱ्याचे मनोरे घ्यायचे का? कमाल एल-कफरावी या वास्तुविशारदाने कतार विद्यापीठात अष्टकोनी खोल्यांवर असे मनोरे चढवले, आणि ती इमारत या विषयात नेहमी दाखवली जाते. कतारची राजधानी दोहा, तिथे पाऊस नावापुरता. आपल्याकडे वाराही पश्चिमेचा आणि मोसमी पाऊसही पश्चिमेकडूनच, त्यामुळे मनोऱ्याच्या तोंडाला जूनमध्ये बंद होणारी झडप हवी. नाही तर आषाढात वर्गात पाणी.

शैलीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हैदराबादला जाऊन यावं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत आपली महाविद्यालयं ज्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, त्याच्या १९३९ साली उघडलेल्या कला महाविद्यालयाची रचना अर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन माणसाने केली. त्यात इस्लामी कमानी आहेत, आणि खांबांची घडण अजिंठा-वेरूळची आठवण करून देते. दख्खनेत सरमिसळ हीच परंपरा आहे.

मी आराखडा करणारा असतो, तर सगळं आवार एकदम बांधलं नसतं. आधी एक चौक, त्याच्या दोन बाजूंना वर्ग आणि दोन बाजूंना वसतिगृह. भिंत चढवतानाच तिच्यात बाहेरून १०, २५ आणि ४० सेंटीमीटरवर तापमापक पुरले असते. काही हजारांचं काम. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चैत्रापासून भाद्रपदापर्यंत दर तासाला नोंदी घ्यायच्या, वसतिगृहातल्या मुलांनी कोणत्या रात्री गच्ची गाठली तेही लिहायचं, आणि दुसऱ्या चौकाच्या भिंतीची जाडी त्या वहीवरून ठरवायची.