पडद्याचं ‘पॅनल’ आलं कुठून

पडदे शिवायला टाकायला गेलात की दुकानदार कापड दाखवायच्या आधीच विचारतो, किती पॅनल लागतील? आणि नेमकं इथंच बहुतेक जण अडकतात, कारण आपण घरून खिडकीचं माप फुटात आणलेलं असतं, कापड मीटरने मिळतं, टेप इंचाची असते आणि शिलाई लावतात ती पॅनलवर. ही खिचडी कशी झाली ते लिहिते आहे. माझी आई डोंबिवलीत घरी पडदे शिवून द्यायची, १९८६ पासून पुढं अठरा-वीस वर्षं, त्यामुळे तो काळ मला सगळ्यात जवळून माहीत आहे.

त्याआधीचं थोडक्यात. वाड्याच्या खिडक्यांना लाकडी झडपा असायच्या, लोटल्या की झालं. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावून त्यांच्यावर पाणी मारायचे, पण ते गारव्यासाठी. चाळीत पडदा असायचा तो दाराला, दोन खिळ्यांमध्ये स्प्रिंगची तार ताणलेली आणि तिच्यावर नेफ्यातून ओवलेला अर्धा पडदा, बऱ्याचदा जुन्या साडीचा. माप काढायचा प्रश्नच नव्हता.

खरा बदल ८०च्या दशकातला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या पॉवरलूमकडे आधीपासूनच सरकत होतं, ते आणखी झपाट्याने गेलं. मग १९८५चं कापड धोरण आलं, कुठला धागा वापरायचा याची मोकळीक मिळाली आणि पुढं पॉलिस्टर स्वस्त होत गेलं. त्याच सुमाराला डोंबिवली, ठाणे, पुण्यात ओनरशिपचे फ्लॅट उभे राहत होते, लाकडी झडपा जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या, समोरच्या बिल्डिंगची खिडकी पंधरा-वीस फुटांवर, मग पडदा हवाच. वर प्लायचं पेल्मेट, म्हणजे ट्रॅक झाकणारी पेटी, आत ॲल्युमिनियमचं ट्रॅक, आणि प्रत्येकाची खिडकी वेगळ्या मापाची म्हणून पडदे शिवूनच घ्यायला लागायचे.

आता मुद्द्याचं. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तेव्हा साधारण ४८ इंच असायचा, म्हणजे चार फूट. त्या पन्ह्याचा एक उभा तुकडा घ्यायचा, दोन्ही कडा दुमडायच्या, वर बकरम (कडक पट्टी) घालून चुण्या पाडायच्या, खाली पट्टी. हा झाला एक पॅनल. आई तर ‘पॅनल’ म्हणायचीच नाही, ती म्हणायची ‘चार पन्हे लागतील’. म्हणजे पन्हा काय किंवा पॅनल काय, हा मुळात शिवणाऱ्याचा हिशोब होता, एवढ्या कडा दुमडायच्या, एवढी पट्टी मारायची, त्याचे एवढे पैसे. खिडकी किती झाकली जाईल याच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. कापड वारावरून मीटरवर गेलं ते दशमान पद्धतीच्या १९५६च्या कायद्यानंतर, पण पन्हा इंचातच राहिला आणि खिडकी फुटातच.

पुढं दुकानांनी ‘पॅनल’ विकायचं माप केलं आणि नियम पसरला, दोन फुटाला एक पॅनल. सहा फुटाची खिडकी, तीन पॅनल. दुकानदारांचं म्हणणं असं की आयलेटच्या, म्हणजे वर गोल कड्या बसवून रॉडमध्ये ओवलेल्या, पडद्याला चुण्या कमी लागतात, गिऱ्हाइकाचा खर्चही वाचतो. मला हे पटत नाही, आणि का ते आकड्यात सांगते. सहा फूट म्हणजे ७२ इंच, रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर काढला की ८४. कडा दुमडून एका पॅनलचे हातात ४५ इंच उरतात. चार पॅनलचे १८०, म्हणजे रॉडच्या दुपटीहून थोडं जास्त, बंद केल्यावरसुद्धा छान घड्या राहतात. तीन पॅनलचे १३५, दीडपटीच्या जरा वर, चालतं पण पातळ कापड असेल तर गरीब दिसतं. आणि रेडिमेड जोडी घेतली तर ९० ते ९६ इंच, बंद केला की चादर वाळत घातल्यासारखा सपाट. दुकानात फोटोत मात्र तोच पडदा भरगच्च दिसतो कारण तिथं तो अर्धा उघडलेला असतो.

म्हणून ‘किती पॅनल’ला उत्तर न देता आधी रॉडची लांबी सांगावी आणि विचारावं, दुप्पट पडेल का?

रेडिमेडची मापं ठरली ती पाच, सात आणि नऊ फूट उंची, रुंदी चारच फूट, तोच जुना पन्हा. पाच खिडकीला, सात दाराला कारण आपल्याकडे दार सात फुटाचं. पण रॉड चौकटीच्या वर चार-सहा इंचांवर बसतो, मग सात फुटाचा पडदा जमिनीपासून वर राहतो आणि नऊ फुटाचा लोळतो. शिवून घेणाऱ्यांचं काम रेडिमेड आल्यावरही टिकलं त्याचं मोठं कारण हे.

गोंधळात भर पडली मोठ्या पन्ह्याच्या कापडाने. २८० सेंटीमीटर पन्हा, म्हणजे नऊ फूट दोन इंच, हे कापड आडवं वापरतात, पन्हाच उंची होतो आणि रुंदी हवी तेवढी कापायची, मधे जोड नाही. वरच्याच खिडकीला ८४च्या दुप्पट १६८ इंच, साधारण सव्वाचार मीटर पुरे. इथं पॅनल असं काही उरतच नाही, तरी मी पाहिलंय की शिलाईच्या बिलात एकूण रुंदीला ४८ने भागून पॅनल काढतात आणि साडेतीनचे चार धरतात. गिऱ्हाईक विचारतं, तुकडा तर एकच आहे मग चार कसले? प्रश्न अगदी रास्त आहे, अशा कापडाला शिलाई फुटावर लावायला हवी.

२००० नंतर आयलेट आले, पेल्मेट गेले. आयलेटची संख्या सम लागते, ४८च्या पॅनलला बहुधा आठ, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. नंतर शीअर (पातळ, पारदर्शक) आणि मेन (जाड) असा दुहेरी रॉड, लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा उजेड पूर्ण अडवणाऱ्या ब्लॅकआउटची मागणी, आता मोटरचे ट्रॅक.

या सगळ्यात गेली ती खालची पट्टी. सुती कापड आई आधी रात्रभर पाण्यात भिजवायची, वाळवून इस्त्री करून मगच कापायची, आणि तरी खाली सहा इंचांची दुहेरी पट्टी ठेवायची, आटला तर सोडायला. रेडिमेडला ती इंच-दीड इंच असते. आमच्या हॉलचे हिरवे पडदे दोनदा सोडलेले होते, खालच्या बाजूला गडद हिरव्या रंगाच्या दोन आडव्या रेघा दिसायच्या, जिथं आधी कापड दुमडलेलं होतं आणि ऊन लागलं नव्हतं.