तीस सेकंदांचा तो नियम कायद्यात कुठेच नाही

व्हिडिओ गेमची दृश्ये आपल्या व्हिडिओत 30 सेकंदांपेक्षा कमी वापरली की कॉपीराइट लागत नाही, ही समजूत वर्षानुवर्षे फिरते आहे. कायद्यात सेकंदांचे असे कोणतेही माप नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देते. अमेरिकेत न्यायालये वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम पाहतात. म्हणून दहा सेकंदही अडचणीत आणू शकतात आणि दहा मिनिटेही चालू शकतात. त्या दृश्यांवर तुम्ही स्वतः काय बोलता, याला फार वजन असते.

2013 मध्ये टोटलबिस्किट या समीक्षकाने 'डे वन: गॅरीज इन्सिडेंट' या गेमवर कडक टीका केली. निर्मात्या कंपनीने कॉपीराइटचा दावा करून तो व्हिडिओ यूट्यूबवरून उतरवला. गदारोळ झाल्यावर दावा मागे घेतला. अशा वेळी खरे नुकसान ग्राहकाचे होते, कारण पैसे मोजण्याआधी गेम प्रत्यक्षात कसा चालतो हे त्याला दिसतच नाही.

तुमच्या व्हिडिओवर असा दावा आला म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असे नाही. प्रतिदावा, म्हणजे तो दावा चुकीचा असल्याचे लेखी उत्तर, करता येतो, पण ते कायदेशीर निवेदन असते. पूर्ण विचार करूनच पाठवा. आणि व्हिडिओच्या वर्णनात 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' असे लिहून काहीही संरक्षण मिळत नाही.