वाळूवरचा व्हॉलीबॉल: नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा

थंडी पडली की आमच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात हमखास विचारणा होते: "कोकणात बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा आहे, संघ उतरवू का?" जरूर उतरवा. पण सांगलीतून आंबा घाट उतरायचा म्हणजे अख्खा दिवस जातो, गाडीभाडं वेगळं. म्हणून बक्षिसाचा आकडा नंतर बघा. आधी विचारा, हरलो तर किती मॅच मिळतात?

मागं एकदा आम्हीच फसलो. पहाटे तीनला निघालो, नऊला मॅच, साडेनऊला बाहेर. बाद फेरी होती, आम्ही विचारलंच नव्हतं. उरलेला दिवस सुरमई खाऊन काढला (सुरमईबद्दल तक्रार नाही). चार-चार संघांचे गट असले तर प्रत्येकाला तीन मॅच नक्की. हौशी संघानं अशीच स्पर्धा धरावी.

मग माणसं किती ते बघा. ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून खेळतात तो प्रकार दोघांचा. कोर्ट १६ बाय ८ मीटर, म्हणजे आपल्या १८ बाय ९ पेक्षा लहान. पण तेवढं दोघांनी सांभाळायचं, तेही घोट्यापर्यंत रुतणाऱ्या वाळूत. चौघांचा गट असेल तर डोळे झाकून तोच घ्या. मिश्र गटात नेट पुरुषांच्या २.४३ मीटरवर बांधणार की महिलांच्या २.२४ वर, तेही विचारा.

आपल्या गड्यांचे पॉइंट जातात ते टिपवर. उडी मारून बोटांनी अलगद चेंडू पलीकडं टाकायची सवय हाडात मुरलेली. वाळूवर तो फाउल. ब्लॉकला, म्हणजे नेटवर अडवताना हाताला, लागलेला चेंडूही तीनपैकी एक टच धरतात, पुढं दोनच उरतात. गमतीच्या स्पर्धेत बरेचदा हे सोडून देतात, पण फोनवरच खात्री करा.

भरतीचंही बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. द्वादशीला नऊच्या सुमारास पाणी वर येणार, तर सकाळची मॅच कुठं आखलीय?

सराव शाळेतल्या लांब उडीच्या खड्ड्यात करा. वाळूतून उडी किती कमी निघते ते तिथंच कळतं. मैदानावरचा चेंडू मात्र नेऊ नका. बीचच्या चेंडूत हवा बरीच कमी असते, त्यामुळं हाताचा अंदाज चुकतो. बीचचा चेंडू आम्ही शनिवार-रविवार सरावाला देतो. डिपॉझिट घेतो, कारण गेल्या हंगामातला एक चेंडू अजून परत आलेला नाही.