गेर आणि रेबो: एक ऊब कोंडतं, दुसरा वारा अडवतो

मंगोलियातलं गेर आणि लडाखच्या चांगथांग पठारावरचा रेबो, या दोन्ही तंबूंना सरसकट ‘यर्ट’ (मध्य आशियातला गोल तंबू) म्हणून लोक मोकळे होतात. दोन्हीकडे भटके पशुपालक, दोन्हीकडे हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरतो, दोन्हीकडे वाळलेलं शेण जाळतात. त्यामुळे गल्लत होतेच. पण थंडीला तोंड द्यायची त्यांची रीत अगदी वेगळी आहे.

गेरचा सांगाडा लाकडी: भिंतीला घडी होणाऱ्या जाळ्या, त्यांच्यावरून छपराच्या मधल्या कड्याकडे गेलेल्या दांड्या. त्यावर नमदा, म्हणजे मेंढीची लोकर भिजवून, दाबून केलेलं जाड कापड. उन्हाळ्यात एक थर पुरतो, हिवाळ्यात दोन-तीन चढवतात. नमद्याच्या तंतूंत हवा अडकून राहते आणि आतली ऊब सहजी बाहेर जात नाही. आकार गोल आणि बुटका, म्हणून वाऱ्याला धरायला कोपरा नाही आणि तापवायची हवाही कमी. मधोमध लोखंडी चूल, तिचं धुराडं वरच्या कड्यातून बाहेर. चूल पेटली की थोड्याच वेळात कोट काढून बसता येतं. विझली की मात्र नमदा एकटा रात्र निभावत नाही. पहाटे भांड्यातल्या पाण्यावर बर्फ धरतो, आणि जो आधी उठेल तो चूल पेटवतो.

रेबोत लाकूड मोजकंच, खांबांपुरतं. 4,000 मीटरांहून उंच अशा त्या पठारावर झाडंच नाहीत. तिथे मिळतो याकचा राठ केस. त्याचा नमदा नीट होत नाही, म्हणून तिथले भटके पशुपालक, चांगपा लोक, त्याचं सूत कातून अरुंद पट्टे विणतात आणि ते एकमेकांना शिवतात. आपल्या घोंगडीसारखंच हे कापडही ओलं झालं की फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. एरवी वीण इतकी सैल की दिवसा आत बसल्यावर छपरात उजेडाचे ठिपके दिसतात. वर धुरासाठी लांब फट असते, तिथून धुराबरोबर ऊबही जाते. कितीही जाळलं तरी सगळा तंबू काही तापत नाही.

रेबोची खरी हुशारी कापडाच्या खाली आहे. तंबू ठोकायच्या जागी जमीन आधी दोनेक फूट खणतात, कडेनं दगडमातीची बुटकी भिंत घालतात, आत भिंतीलगत सामानाची पोती रचतात. वारा डोक्यावरून निघून जातो. बाकीची ऊब ज्याची त्यानं अंगावर बाळगायची: मेंढीच्या कातड्याचे, लोकर आत वळवलेले कपडे, चुलीलगतची जागा, आणि दिवसभर चालणारा लोणी-मिठाचा चहा.

म्हणून गेरची युक्ती रेबोत चालवू नये. उघडी चूल पेटती ठेवून वरची फट बुजवली, तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतात, आणि त्यानं जीव जाऊ शकतो. गेरलाही धुराचा त्रास आहेच, फक्त तो बाहेर दिसतो. मंगोलियाची राजधानी उलानबातरच्या कडेच्या गेर-वस्त्यांमध्ये चुलीत कोळसा आला आणि हिवाळ्यात शहराचा श्वास इतका कोंडला की 2019 मध्ये तिथे प्रक्रिया न केलेला कोळसा जाळण्यावर बंदी घालावी लागली.

चांगथांगात आता पांढरे कापडी तंबूही बरेच दिसतात. ते हलके असतात, विणायची मेहनत नाही, हे खरं. तरी त्सो मोरिरी सरोवराच्या बाजूला गेलात आणि कुणी काळ्या रेबोत चहाला बोलावलं तर जरूर जा. जाकीट मात्र अंगावरच ठेवा. यजमानही आपलं काढणार नाहीत.