कॉफीच्या पाकिटावर मळ्याचे नाव कसे आले

वांद्रे, कोरेगाव पार्क किंवा बेंगळुरूच्या इंदिरानगरमधल्या एखाद्या स्वतंत्र कॅफेत कॉफीचे पाकीट हातात घेतले की त्यावर बरेच काही वाचायला मिळते. मळ्याचे नाव, जिल्हा (बहुधा चिकमंगळूर नाहीतर कूर्ग), समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, फळावर केलेली प्रक्रिया, भाजल्याची तारीख. कधी मळेवाल्या घराण्याची कितवी पिढी हे काम करते तेही. सोबत ‘थेट शेतकऱ्याकडून’, ‘न्याय्य दराने’ असे शब्द. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास कॉफी दळून देणाऱ्या जुन्या दुकानांत मात्र ‘प्लांटेशन ए’, ‘पीबेरी’, ‘रोबस्टा चेरी’ अशाच नावांनी माल मागायचा आणि चिकोरी किती टाकायची ते सांगायचे, ही रीत आहे. मळा कुठला हे तिथे कोणी विचारत नाही.

हा फरक वरवर आवडीनिवडीचा वाटतो. खरे तर तो एका कायद्याने पडलेला आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भारतीय कॉफीचे युरोपातले गिऱ्हाईक एका झटक्यात तुटले. मळेवाल्यांना वाचवण्यासाठी सरकारने सगळा माल एकत्र करून विकण्याची व्यवस्था आणली आणि १९४२ च्या कॉफी कायद्याने ती पक्की झाली. घरखर्चापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीचे सगळे पीक कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, जमा करायचे. मग बोर्ड प्रतवारी करणार, लिलाव करणार आणि प्रतीनुसार ठरलेल्या गुणांवर मळेवाल्याला हप्त्याहप्त्याने पैसे देणार. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत पुढचे पीक झाडावर आलेले असायचे. एका मळ्याची कॉफी दुसऱ्याच्या कॉफीत मिसळली की तिची ओळख संपली. उरली ती फक्त प्रत. दुकानातली ‘प्लांटेशन ए’सारखी नावे ही त्या प्रतवारीची भाषा आहे. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, तरी युद्धकाळातली ही सोय जवळपास पन्नास वर्षे टिकली.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. पण लहान शेतकऱ्याला तिच्यात एक खात्री होती: माल पडून राहणार नाही, आणि गावचा व्यापारी वजनात मारणार नाही. जो जीव तोडून चांगली कॉफी करायचा त्याला मात्र त्या मेहनतीचे वेगळे काहीच मिळत नसे. पिकलेले लाल फळच तोडायचे, ते वेळेत सोलायचे, सावकाश वाळवायचे, एवढा खटाटोप करून शेवटी सगळे एकाच ढिगात.

याच सरकारी छत्राखाली आपल्याकडचे पहिले कॅफेही उभे राहिले. १९३५ मध्ये नेमलेल्या कॉफी उपकर समितीने देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस काढले. पुढे ती देशभर पसरली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांवर कुऱ्हाड कोसळली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सहकारी सोसायट्या काढून कॉफी हाउसे आपणच चालवायला घेण्याचा रस्ता दाखवला. ऑगस्ट १९५७ मध्ये बेंगळुरूत पहिली सोसायटी झाली, ऑक्टोबरात दिल्लीत त्यांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. तुऱ्याचा फेटा बांधून कप आणून ठेवणारा वेटर तिथे मालकांपैकी एक असतो. कॅफेच्या नीतीची आज एवढी चर्चा होते, पण वाढणाऱ्याच्या हाती मालकी देणारा हा प्रयोग तिच्यात क्वचितच आठवला जातो. मला ते खटकते.

पूल मोडला तो आतून नव्हे, बाहेरून. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारात उत्पादक देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिले होते, त्यामुळे जागतिक भाव बऱ्यापैकी सावरलेला राही. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धत कोसळली. दोन-अडीच वर्षांत सोव्हिएत संघही गेला, आणि रुपयांत भारतीय कॉफी उचलणारे मोठे गिऱ्हाईक हातचे सुटले. इकडे उदारीकरण सुरू झालेच होते. १९९२ पासून मळेवाल्यांना पिकाचा काही हिस्सा स्वतः विकायची मुभा मिळाली, ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि १९९६ मध्ये पूल पूर्ण संपला. त्याच वर्षी बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झाले. त्याचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ चिकमंगळूरच्या मळेवाल्या घराण्यातले, कॉफीचे निर्यातदार. हा योगायोग म्हणता येणार नाही. पूल आल्यापासून प्रथमच मळेवाला स्वतःची कॉफी थेट ग्राहकाला विकू शकत होता.

तरीही त्या साखळीने मळ्यापेक्षा गप्पा मारायची जागा विकली. पाकिटावर मळ्याचे नाव येण्यासाठी आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली. २०१२ मध्ये टाटांसोबत भागीदारीत स्टारबक्सने मुंबईत हॉर्निमन सर्कलला पहिले दुकान उघडले. २०१३ मध्ये दिल्लीत ब्लू टोकाई हा छोटा रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारा, सुरू झाला. त्यानंतर मुंबई, पुणे, बेंगळुरू, गोवा असे एकामागून एक लहान रोस्टर आणि कॅफे निघाले. त्यांच्याकडे अमेरिकेतून आलेला एक शब्द तयार होता, ‘डायरेक्ट ट्रेड’, म्हणजे मधले दलाल वगळून रोस्टरने मळेवाल्याशी सरळ बोलायचे आणि चवीच्या गुणांवर जास्त भाव द्यायचा. शंभरपैकी ऐंशी किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’.

‘फेअरट्रेड’ची वाट याहून वेगळी आहे. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातील शेतकरी सहकारी संस्थेची कॉफी एका नव्या शिक्क्याने विकायला आली. बाजार कितीही पडला तरी एका ठरावीक भावाखाली खरेदी करायची नाही, हे त्यामागचे तत्त्व. २००१ मध्ये त्याचा अर्थ कळला. न्यूयॉर्कला अरेबिका या कॉफीच्या जातीचा भाव पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेला, तेव्हा फेअरट्रेडचा दर प्रीमियम धरून १.२६ डॉलर होता. त्याच वर्षांत आपल्याकडे वायनाडमध्ये मिरी आणि कॉफी दोन्हींनी दगा दिला, कर्जे थकली, शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या.

मग हा शिक्का भारतीय कॅफेच्या पाकिटावर इतका कमी का दिसतो? कारण फेअरट्रेड इंटरनॅशनलच्या नियमात कॉफीचे प्रमाणपत्र लहान शेतकऱ्यांच्या संघटनेलाच मिळते, मजूर लावून चालणाऱ्या मोठ्या इस्टेटीला नाही. याच मुद्द्यावरून अमेरिकेतली शाखा २०११ च्या अखेरीस वेगळी झाली. तिला इस्टेटींनाही शिक्का द्यायचा होता. चिकमंगळूर-कूर्गच्या नावाजलेल्या इस्टेटी या चौकटीत बसत नाहीत. जे तिच्यात बसतात ते लहान शेतकरी पाकिटावर दिसत नाहीत.

आणि आपल्याकडे लहान शेतकरीच जास्त. देशातल्या कॉफीच्या जमीनधारणांपैकी जवळपास ९९ टक्के १० हेक्टरच्या आतल्या आहेत. दोन-तीन एकरवाला सोललेली, वाळवलेली कॉफी किंवा नुसती वाळकी फळे जवळच्या व्यापाऱ्याला विकतो. ती क्युअरिंग वर्क्समध्ये, म्हणजे टरफल काढून प्रतवारी करणाऱ्या कारखान्यात, जाऊन इतरांच्या मालात मिसळते आणि पुढे बहुतेक परदेशी जाते. वेगळा लॉट काढायला स्वतःचा पल्पर (फळे सोलायचे यंत्र), वाळवणीचे ओटे, चव तपासून घ्यायची सोय आणि पैशासाठी थांबायची ऐपत लागते. ती बड्या मळेवाल्याकडे असते. तो बहुधा इंग्रजी शाळेत शिकलेला असतो, कॅफेच्या मालकाशी त्याचे लगेच जमते. ‘थेट शेतकऱ्याकडून’ यातला शेतकरी बहुतेक वेळा हा असतो. त्याला चांगला भाव मिळू नये असे माझे अजिबात म्हणणे नाही. पण मजूर ठेवणाऱ्या मालकाला नुसते शेतकरी म्हटले की मजूर चित्रातून निघून जातो.

याला ठळक अपवाद आंध्रातल्या अराकू खोऱ्याचा. तिथे आदिवासी कुटुंबे स्वतःच्या तुकड्यांवर कॉफी लावतात आणि ती सामूहिक संस्थांमार्फत विकली जाते. २०१९ मध्ये अराकू अरेबिकाला कूर्ग, वायनाड, चिकमंगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या कॉफीसोबत भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातली कॉफी म्हणायची तर मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळात लावलेली थोडी झाडे आहेत. बाजाराच्या हिशेबात तिला जागा नाही.

मजुरांचा इतिहास पाकिटाच्या इतिहासाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात म्हैसूर, कूर्ग आणि वायनाडच्या डोंगरांत मळे पसरले, तेव्हा माणसे आणायचे काम मेस्त्री करत. ते घाटाखालून आणि तमिळ मुलखातून उचल देऊन टोळ्या आणत. ऊसतोडीचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथे उचल घेऊन पळालेल्याला तुरुंगात टाकायची कायद्याने सोय होती. १८५९ च्या करारभंग कायद्याचा दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी भरपूर आधार घेतला. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मळा कामगार कायदा आला. राहायला लाइनीतली घरे, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरली. पण त्याला उंबरठा होता. १९८१ च्या दुरुस्तीनंतरही किमान ५ हेक्टर क्षेत्र आणि १५ मजूर असतील तरच तो लागू होई. त्याखालचे मळे, म्हणजे संख्येने बहुतांश, कायद्याच्या बाहेर राहिले. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. दरम्यान मजूरही बदलले. लाइनीत राहणाऱ्या कुटुंबांची मुले शहरात गेली, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तोडणीला आता आसाम, झारखंड, बंगालकडून टोळ्या येतात.

एका कॅपुचिनोचा हिशेब करून पाहू. दुहेरी शॉटला १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन साधारण १५ टक्के घटते, म्हणजे हिरव्या (न भाजलेल्या) बिया २१ ग्रॅम. एक किलो हिरव्या बियांना अंदाजे ६ किलो ताजी फळे लागतात, म्हणजे या कपात सव्वाशे ग्रॅम फळे गेली. मोजली तर साठ-सत्तर भरतील. हिरव्या बियांना किलोला ६०० रुपये दिले असे धरू. कपातल्या कॉफीचे झाले साडेबारा रुपये. दीडशे मिलिलिटर दूध ७० रुपये लिटरने साडेदहा रुपयांचे. अडीचशे रुपयांच्या कपात उरलेला पैसा भाडे, पगार, मशीन, वीज आणि कर यांत जातो. शहरातले भाडे बघता कॅफेवाला लुटतो असे मी म्हणणार नाही. पण मळ्याला किलोमागे १०० रुपये वाढवून दिले तरी कपामागे जेमतेम दोन रुपये वाढतात, हे त्यालाही ठाऊक असते.

ती साठ-सत्तर फळे एकेक करून तोडलेली असतात. फांदीवर सगळी फळे एकदम पिकत नाहीत. साध्या मालासाठी हिरवी-लाल सगळी ओरबाडून घेतली तरी चालते. चांगल्या अरेबिकाला फक्त लालच हवी, म्हणून त्याच झाडाकडे तीन-चारदा परत यावे लागते. संध्याकाळी वजन होते, फळे पाण्याच्या टाकीत ओततात, पोकळ आणि किडकी तरंगतात ती बाजूला काढतात. किलोवर मजुरी असेल तर निवडून तोडणाऱ्या बाईच्या पोत्यात दिवसअखेर कमी वजन भरते. रोस्टरने गुणांसाठी दिलेला जादा भाव तोडणीच्या दरात उतरला नाही, तर कॉफी जितकी उत्तम तितकी तिची मजुरी कमी. काही मळे निवडक तोडणीला जादा दर किंवा रोजाने मजुरी देतात. कोण देतो आणि किती, हे छापलेले पाकीट माझ्या पाहण्यात नाही. उंची छापतात, वाण छापतात, चवीत संत्रे आणि गूळ आहे हेही छापतात.

२०२४-२५ मध्ये भावाचे चित्र पार उलटले. ब्राझीलमधल्या दुष्काळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा अरेबिका भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. फेअरट्रेडचा किमान दर तेव्हा १.८० डॉलर होता, म्हणजे तो निरर्थकच झाला. मळेवाल्याला दारात येणारा व्यापारीच एवढा भाव देऊ लागला, की लहान रोस्टरच्या जादा पैशांचे त्याला अप्रूप राहिले नाही.

नवा दबाव युरोपातून येतो आहे. जंगलतोड करून पिकवलेला माल युरोपीय बाजारात नको, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. त्याची अंमलबजावणी आतापर्यंत दोनदा पुढे ढकलली गेली आहे. पण तो लागू झाला की दोन एकरवाल्याच्या तुकड्याचेही अक्षांश-रेखांश नोंदवावे लागतील, आणि माल पिकवणाऱ्या देशाचे कामगार कायदे पाळल्याची खात्रीही द्यावी लागेल. इथे पुन्हा तसाच उंबरठा आडवा येतो: लहान मळ्यावर घराची, दवाखान्याची सक्तीच नसेल तर पाळले काय हे तपासायचे कशावरून? किमान वेतन राहते, त्याचा हजेरीपट मळ्यावरचा रायटर, म्हणजे कारकून, ठेवतो. मुंबई-पुण्यातल्या कॅफेला युरोपचा कायदा लागू नाही. पण नावाजलेले बरेचसे मळे निर्यातीलाही माल देतात आणि इथल्या रोस्टरलाही. युरोपसाठी तयार केलेले तोडणीचे आणि मजुरीचे कागद रोस्टरने मागितले, तर मळ्याला ते नव्याने बनवावे लागणार नाहीत.