मखलोकेत

मखलोकेत म्हणजे यहुदी धर्मशास्त्रातला मतभेद, आणि तो न मिटवताही एका समाजात नांदण्याची रीत. हिब्रूत या शब्दाचे मूळ ‘वाटणी’ या अर्थाच्या धातूत आहे. मिश्ना (मौखिक नियमांचे संकलन, इ.स. २००च्या सुमारास) आणि बाबिलोनी तालमूद (मिश्नेवरची चर्चा, इ.स. ५००च्या सुमारास) या ग्रंथांचे पान उघडावे तिथे वादच दिसतो. एक रब्बी (धर्मपंडित) म्हणतात निषिद्ध, दुसरे म्हणतात चालेल. निकाल लागल्यावरही हरलेले मत खोडले जात नाही. मिश्नेचा एदुयोत हा भाग त्याचे कारण देतो: पुढच्या एखाद्या न्यायसभेला त्या मताचा आधार घ्यावासा वाटला, तर ते हाताशी असावे. काही वाद ‘तेकू’, म्हणजे ‘राहू द्या’, एवढ्यावरच थांबतात.

कोणता वाद चांगला आणि कोणता वाईट, याची कसोटी मिश्नेच्या पिर्के आवोत या भागात आहे. ‘स्वर्गाखातर’ केलेला वाद टिकतो. उदाहरण हिल्लेल आणि शम्मई या दोन गुरूंचे. तसा नसलेला टिकत नाही. उदाहरण मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाचे आणि त्याच्या टोळीचे. व्यवहारात ही कसोटी फारशी उपयोगी नाही, कारण आपण कोरह आहोत असे कुठल्याच पक्षाला वाटत नाही. समाज एकत्र राहिला तो यापेक्षा बारीक नियमांमुळे.

हिल्लेल आणि शम्मई यांची घराणी : या दोन शिष्यपरंपरांचे शेकडो मतभेद नोंदलेले आहेत. हनुक्का सणात शम्मईचे घराणे पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करी. हिल्लेलचे घराणे एकापासून सुरू करून आठपर्यंत जाई. आज सर्वत्र दुसरी पद्धत चालते. तालमूदच्या एरुविन खंडानुसार तीन वर्षे वाद चालल्यावर आकाशवाणी झाली: दोन्ही बाजूंचे बोलणे जिवंत देवाचेच, पण आचार हिल्लेलच्या घराण्याप्रमाणे. का? तर ते नम्र होते आणि स्वतःचे मत सांगण्याआधी समोरच्यांचे मत सांगत.

दिव्यांचा वाद सोपा. अवघड वाद लग्नाचा होता. निपुत्रिक मेलेल्या माणसाच्या विधवेशी त्याच्या भावाने लग्न करावे किंवा ‘हलित्सा’ नावाचा विधी करून तिला मोकळे करावे, असा नियम आहे. मृताला दोन बायका असतील आणि त्यांतली एक त्याच भावाची मुलगी असेल, तर दुसरी सवत त्या भावाला चालेल का? शम्मईचे घराणे म्हणे चालेल. हिल्लेलचे म्हणे मुळीच नाही, आणि अशा लग्नाची संतती ‘मामझेर’, म्हणजे सामान्य यहुद्याशी लग्न करण्यास अपात्र. तरीही मिश्ना सांगते, की दोन्ही घराण्यांत सोयरीक थांबली नाही आणि एकमेकांची भांडीही ती वापरत राहिली. हे जमले कसे, याचे तालमूदने दिलेले उत्तर अगदी व्यवहारी आहे: ते एकमेकांना कळवत. ‘ही मुलगी तुमच्या मते चालणार नाही’ असे आधीच सांगितले जाई आणि ते स्थळ सोडले जाई. आपले मत कुणी सोडले नाही. पण समोरच्याच्या नियमाने त्याला अडचण होईल अशी माहिती लपवलीही नाही.

जिथे सूट नाही : पंचांगाचा मतभेद मात्र चालवून घेतला गेला नाही. इ.स. १००च्या सुमारास यावने येथे रब्बान गमलिएल यांनी, जिच्यावरून नवा महिना ठरे ती चंद्रकोर पाहिल्याची एक साक्ष मान्य केली. रब्बी यहोशुआ यांना ती खोटी वाटली. गमलिएल यांनी आज्ञा केली: तुमच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवासदिन) येतो, त्या दिवशी काठी आणि पैशांची थैली घेऊन माझ्याकडे या. त्या पवित्र दिवशी या दोन्ही वस्तू बाळगणे वर्ज्य आहे. यहोशुआ गेले. गमलिएल यांनी उठून त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले. दोन दिवशी दोन उपवास झाले तर एक समाज उरत नाही. कराई पंथ पुढे वेगळा पडला, त्यामागे मौखिक परंपरा नाकारण्याबरोबर पंचांगाचे हे कारणही होते.

बहुमताचा नियमही असाच कठोर. भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी एलिएझेर एकटे पडले, तेव्हा झाड हलले, ओढा उलटा वाहिला, आकाशवाणीही त्यांच्या बाजूने झाली. यहोशुआ म्हणाले, ‘ते (धर्मशास्त्र) स्वर्गात नाही’; निर्णय पृथ्वीवरच्या बहुमताचा. ही कथा सगळे कौतुकाने सांगतात. एलिएझेर यांना बहिष्कृत केले गेले, हा तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही.

स्थानिक चालीरीती : रोजच्या आचारातले बहुतेक फरक ‘मिनहाग’ या सदरात येतात. योसेफ कारो यांनी गालीलमधील सफेद या गावी रचलेला ‘शुल्हान आरूख’ (मांडलेले मेज) हा आचारग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. तो मुख्यतः सेफार्दी, म्हणजे स्पेनकडील, परंपरेचा होता. क्राकोवचे मोशे इस्सेर्लेस यांनी त्याला अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील, चालींच्या टिपा जोडल्या आणि त्यांना ‘मेजावरचे कापड’ असे नाव दिले. वेगळा ग्रंथ न काढता त्याच पानावर विरोधी मत छापण्याची ही युक्ती आजवर टिकली आहे.

दाराच्या चौकटीवरचा मझुझा हे तडजोडीचे नेहमीचे उदाहरण. धर्मग्रंथातील वचनांचे, बावीस ओळींचे हे चर्मपत्र आत येताना उजव्या हाताच्या खांबावर, उंचीच्या वरच्या तृतीयांशात लावतात. मध्ययुगीन भाष्यकार राशी म्हणत उभे लावावे. त्यांचे नातू रब्बेनू ताम म्हणत आडवे. अश्केनाझी ते तिरके लावतात, वरचे टोक खोलीच्या दिशेने झुकवून. सेफार्दी उभेच लावतात.

पेसाखच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) आठवड्यात घोळ सर्वांत जास्त होतो. अश्केनाझी लोक या सणात तांदूळ, डाळी, मका खात नाहीत (या वर्गाला ‘किटनियोत’ म्हणतात). बहुतेक सेफार्दी खातात. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजालाही भात चालतो, नाहीतर तो आठवडा निभावणे कठीणच होते. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या आचारसमितीने २०१५ मध्ये किटनियोतला मुभा दिली. मिश्र घरात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की किटनियोत आणि खरा निषिद्ध ‘हामेत्स’ (आंबवलेले धान्य) एका पातळीचे नाहीत. हामेत्सचा कणही सणात मिसळला तर सगळे पदार्थ बाद. किटनियोत चुकून पडले आणि प्रमाण निम्म्याहून कमी असले, तर ते काढून उरलेले खाता येते. भात शिजलेले स्वच्छ भांडे अश्केनाझी पाहुण्याला चालते, असेच बहुतेक रब्बी सांगतात. हा फरक न कळल्याने पाहुणा उपाशी राहतो आणि यजमान दुखावतो. मांसानंतर दूध घेण्याआधी किती थांबायचे, यातही असाच फरक आहे: बहुतेकांत सहा तास, जर्मन घराण्यांत तीन, डच परंपरेत एक. लग्नानंतर पत्नीने पतीच्या घरची चाल घ्यावी असा संकेत आहे. सामायिक स्वयंपाकघरात मात्र सर्वांत कडक पाळणाऱ्याचा नियम लावतात, म्हणजे सगळ्यांना जेवता येते. याची दुसरी बाजू अशी, की सैल पाळणाऱ्यालाच दरवेळी माघार घ्यावी लागते.

आधुनिक पंथ : एकोणिसाव्या शतकापासून ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म हे भेद पडले. इथे वाद ताटावरचा नसून अधिकाराचा आहे: प्रार्थनेच्या दहांच्या गणसंख्येत स्त्रिया धरायच्या का, धर्मांतर कोणाच्या न्यायसभेचे मानायचे. अमेरिकेतील रिफॉर्म रब्बींच्या परिषदेने १९८३ मध्ये, मूल यहुदी म्हणून वाढवले असल्यास केवळ वडील यहुदी असणेही पुरेसे मानले. ऑर्थोडॉक्स पंथात आईच निर्णायक. त्यामुळे एकाच्या मते यहुदी असलेला तरुण दुसऱ्याच्या मते यहुदीच नाही, आणि ही गाठ ‘कळवण्याने’ सुटत नाही. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी शाखा सुरू झाली.

बेने इस्राएलांचा अनुभव : रायगडच्या किनाऱ्यावर ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजात आतच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते, मिश्र विवाहांतून आलेल्या काळ्यांशी गोरे रोटीबेटी व्यवहार करत नसत. मुंबईत १७९६ मध्ये त्यांनी पहिले सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) बांधले, लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. पुढे आलेल्या बगदादी यहुद्यांनी त्यांना शंकेने पाहिले. आक्षेप पुन्हा तोच जुना होता: या लोकांत घटस्फोटाचा लेखी ‘गेट’ आणि हलित्सा रीतसर होत नव्हते, तेव्हा एखाद्या आजीचे दुसरे लग्न अवैध असेल तर? मामझेरपणाची शंका पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

इस्राएलच्या प्रमुख रब्बी-मंडळाने १९६१ मध्ये त्यांच्याशी विवाहाला मान्यता दिली, पण १९६२ च्या निर्देशांत विवाहेच्छूंच्या आईकडील वंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करायला सांगितले. कोकणातल्या खेड्यातून आलेल्या कुटुंबाने पणजीच्या विवाहाचा कागद आणायचा कुठून? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मंडळाने निर्देशातून समाजाचे नाव काढले. ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे शब्द तिथे घातले गेले.